स्पर्धकांच्या ऑनलाइन जाहिरातींचा अभ्यास

स्पर्धकांच्या ऑनलाइन जाहिरातींचा अभ्यास म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाला माल विकणारे बाकीचे लोक फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगल, यूट्यूबवर कुठल्या जाहिराती चालवतात, कधीपासून चालवतात, काय ऑफर देतात आणि क्लिक केलं की माणसाला कुठे नेतात हे नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि त्यावरून आपली जाहिरात सुधारायची. धंद्यातले लोक याला कॉम्पिटिटर रिसर्च म्हणतात. यात चोरून बघण्यासारखं काही नाही, बहुतेक माहिती फेसबुक-गुगलसारख्या कंपन्यांनीच सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली असते आणि ती बघायला पैसे लागत नाहीत.

याची गरज का पडली ते खान्देशात चटकन कळतं. जळगावचा सराफ बाजार घ्या, केळीच्या रोपांच्या नर्सऱ्या घ्या, नंदुरबार-दोंडाईचाचा मिरची बाजार, जळगावच्या डाळमिल आणि चटईचे कारखाने घ्या, किंवा उन्हाळ्यात घरोघरी बिबडे-पापड-कुरडया करून विकणाऱ्या बायका घ्या. आधी जाहिरात म्हणजे हायवेवरचं होर्डिंग, पेपरातली पुरवणी, रिक्षावरचा भोंगा, त्यामुळे समोरच्या दुकानदाराने काय लावलंय ते सगळ्या गावाला दिसायचं. आता जाहिरात निवडक लोकांच्या फोनवर जाते, अमळनेरच्या पंचविशीतल्या पोरीला एक दिसते आणि तिच्या वडिलांना दुसरीच, त्यामुळे शेजारचा दुकानदार सहा महिने जाहिरात चालवतोय आणि आपल्याला पत्ताच नाही असं खरंच होऊ शकतं. म्हणून मुद्दाम जाऊन बघावं लागतं.

कुठे बघायचं

सगळ्यात कामाची जागा म्हणजे मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीची, ॲड लायब्ररी. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत फेसबुकवरच्या जाहिरातींवरून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर मे २०१८ मध्ये फेसबुकने तिथल्या राजकीय जाहिरातींचं संग्रहालय उघडलं, भारतातल्या राजकीय जाहिराती २०१९ च्या लोकसभेच्या आधी अशाच उघड्या झाल्या, आणि मार्च २०१९ पासून सगळ्याच चालू जाहिराती कुणालाही बघता येऊ लागल्या. म्हणजे मूळ हेतू निवडणुका स्वच्छ ठेवायचा होता, पण त्याचा उपयोग आज मसाला विकणाऱ्यालाही होतो. अकाउंट नसलं तरी उघडते. देश भारत निवडायचा, 'सगळ्या जाहिराती' निवडायचं, मग पेजचं नाव टाका किंवा नुसता शब्द टाका. शब्द टाकताना आळस करू नका, 'बिबडे' टाका, 'बिबड्या' टाका, 'खान्देशी पापड' टाका, तेच रोमन अक्षरांत टाका, आणि 'आमना मसाला'सारखं अहिराणीतही टाकून बघा, कारण जाहिरात ज्या अक्षरांत लिहिली असेल त्यातच ती सापडते.

गुगलचं ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर मार्च २०२३ मध्ये आलं. तिथे सर्च, यूट्यूब आणि बाकी साइटवरच्या जाहिराती दिसतात, जाहिरात शेवटची कधी दिसली ती तारीखही असते. इथे एक अडचण हमखास येते, दुकानाचं नाव टाकलं की काहीच सापडत नाही, कारण जाहिरातदाराची पडताळणी मालकाच्या किंवा फर्मच्या कागदोपत्री नावाने झालेली असते, कधी एजन्सीच्या नावाने. तेव्हा नावाऐवजी वेबसाइटचा पत्ता टाकायचा. लिंक्डइनचीही अशी लायब्ररी आहे पण ठिबक, पाइप, मशिनरीवाले सोडले तर आपल्याकडच्या छोट्या धंद्याला तिचा फार उपयोग नाही. पैसे घेऊन हेच काम करणारी सेमरश, स्पायफूसारखी टूल्स आहेत, पण त्यांचे आकडे अंदाजाचे असतात आणि शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या पातळीवर ते अंदाज भरवशाचे राहत नाहीत, आधी फुकटचं सगळं वापरून संपवा.

जाहिरात वाचायची कशी

नुसतं बघून 'छान आहे, आपणही असंच करू' म्हणणं याला अभ्यास म्हणत नाहीत. मेटाच्या लायब्ररीत प्रत्येक जाहिरातीवर ती कधी सुरू झाली ती तारीख असते, कुठल्या ॲपवर दिसते ते असतं, आणि तेच चित्र नि मजकूर किती जाहिरातींत वापरलाय तेही असतं. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या. कुणी स्वतःच्या खिशातून रोज पैसे घालून एकच जाहिरात चार महिने चालवतोय तर बहुतेक तिच्यातून काहीतरी येतंय. बहुतेक म्हणतो, कारण मोठा खेळाडू नुसतं नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणूनही पैसे घालतो, आणि कधी कधी जाहिरात चालू आहे हेच कुणाच्या लक्षात नसतं. उलट तारीख ताजी आहे म्हणजे कल्पनाही ताजी आहे असं नाही, जुनीच जाहिरात नव्याने टाकली की तारीख नवी होते. तेच चित्र पाच-सहा जाहिरातींत फिरवलेलं दिसलं तर तिकडे नीट लक्ष द्या, माणूस चाललेली गोष्ट वाढवतो.

आता या तारखा आपल्या पंचांगावर आणि शेतीच्या वेळापत्रकावर ठेवून बघा, खरी मजा तिथे आहे. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेतकरी टिश्यू कल्चरची रोपं लागवडीच्या बऱ्याच आधी बुक करतो. मग रावेर-यावलच्या पट्ट्यात रोपं विकणारा जाहिरात मे अखेरीला सुरू करत असेल तर त्याच्या हाती उशिरा जागा झालेला शेतकरीच लागणार, आणि एखादा फेब्रुवारीपासूनच 'बुकिंग चालू' लावून बसला असेल तर तो धंदा समजून करतोय. सोन्याचं तसंच, आखाजी (अक्षय्य तृतीया), गुरुपुष्य, धनत्रयोदशी या दिवसांना सगळेच सराफ एकदम ओरडतात, फेसबुक-गुगल जाहिरातीची जागा लिलावाने देतात, ती तेव्हा महाग होते, म्हणून कोण आधी सुरू करतो आणि सण संपल्यावर लग्नसराईत कोण टिकून राहतो हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पण भारतात साध्या जाहिराती बंद झाल्या की लायब्ररीतून जातात, फक्त राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिराती सात वर्षं राहतात. तेव्हा आज दिसतेय तर आजच स्क्रीनशॉट काढा आणि तारखेसकट एका शीटमध्ये टाका, नाहीतर पुढच्या आखाजीला तुलना करायला हातात काही नसेल.

मग क्लिकच्या पुढचं. लायब्ररीतल्या जाहिरातीवरच्या बटणातून त्यांचं पान उघडता येतं आणि अशाने त्यांना पैसे मोजावे लागत नाहीत. (गुगलवर प्रत्यक्ष चालू असलेल्या जाहिरातीवर मुद्दाम क्लिक करून समोरच्याचे पैसे घालवणं हा मात्र सरळ खोडसाळपणा आहे, गुगल असे क्लिक ओळखून वगळतंही, आणि आपल्या माणसाने ते करू नये.) बटण व्हॉट्सॲपला नेतं का, फोन लागतो का, की वेबसाइटवर जातं? वेबसाइटवर भाव लिहिलाय का? घडणावळ टक्क्यात सांगितलीये की 'घडणावळीवर ५० टक्के सूट' एवढंच म्हटलंय, कशावरून पन्नास ते सांगितलंच नाही? सोन्याच्या जाहिरातीत मी सगळ्यात आधी हेच बघतो, कारण गिऱ्हाईक दुकानात येऊन पहिला प्रश्न तोच विचारतं. लिंकच्या शेवटी कधी कधी मोहिमेचं नावही चिकटलेलं असतं आणि त्यावरून जाहिरात कुणासाठी आहे याचा अंदाज येतो.

लायब्ररीत लाइक-कमेंट दिसत नाहीत, पण बरेच जण पेजवरचीच पोस्ट बूस्ट करतात, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवतात, तेव्हा पेजवर जाऊन कमेंट वाचा. 'रेट काय', 'सुरतला पाठवता का', 'तिखट किती असतं', 'पार्सल फुटून आलं', गिऱ्हाईक तिथे स्वतःच्या शब्दांत बोलतं आणि ज्या प्रश्नाला पेजवाल्याने उत्तर दिलेलं नाही तो प्रश्न तुमच्या पुढच्या जाहिरातीची पहिली ओळ होऊ शकतो. स्वतःच्या फोनवर समोरच्याची जाहिरात आली तर तीन टिंबांवर दाबून 'मला ही जाहिरात का दिसते' हे उघडा, वय, गाव, आवड यातलं काहीतरी तिथे लिहिलेलं असतं.

काय कळत नाही

भारतातल्या साध्या जाहिरातीसाठी खर्च किती, किती लोकांनी पाहिली, कुठल्या गावात दाखवली, यातलं काहीच लायब्ररी सांगत नाही. विक्री किती झाली ते तर कुठेच नाही. युरोपात वेगळं आहे, तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यामुळे जाहिरात संपल्यावरही वर्षभर ठेवावी लागते आणि वय, जागा, पोहोच हे दाखवावं लागतं. जळगावातून चटई किंवा ठिबकचा माल बाहेर पाठवणाऱ्याने म्हणून देशाच्या जागी जर्मनी किंवा फ्रान्स निवडून बघावं, भारतापेक्षा कितीतरी जास्त माहिती मिळते.

मोकळी जागा शोधणं

इतका सगळा उपद्व्याप कशासाठी, तर समोरचे काय बोलत नाहीत ते कळावं म्हणून. माझ्या मते या अभ्यासाचा निम्म्याहून जास्त फायदा यातच आहे आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडून नक्कल करत बसतात. एकाने 'अस्सल खान्देशी चव' लिहिलं की दहा जण 'अस्सल खान्देशी चव' लिहितात, तीच लाल-पिवळी अक्षरं, तोच शेवभाजीचा फोटो, मग गिऱ्हाइकाने कुणाला ओळखायचं? त्यापेक्षा दहा-बारा स्पर्धकांच्या जाहिराती समोर घेऊन प्रत्येकीचा मुद्दा एका ओळीत लिहा, स्वस्त, चव, घरगुती, लवकर पोच, जुनं नाव, असं. यादीत जे आलंच नाही ते शोधा.

बिबडे विकणाऱ्या बचत गटाचं धरा. खान्देशची माणसं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला आणि सुरतमध्ये उधना, लिंबायतसारख्या भागात हजारोंनी राहतात, त्यांना गावचे ज्वारीचे बिबडे, कळण्याचं पीठ, खापरावरचे मांडे आठवतात आणि तिथे ते सहज मिळत नाहीत. समजा बाकीच्यांच्या सगळ्या जाहिराती प्रमाण मराठीत, 'महाराष्ट्रभर डिलिव्हरी' म्हणणाऱ्या. सुरतचं नाव नाही, गुजरातला पार्सलचा खर्च किती ते नाही, अहिराणीत एक वाक्य नाही. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना केवढा प्रेक्षक आहे ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे ही भाषा ऐकणारे लोक फोनवर आहेतच. मग गटातल्या एखाद्या आजीने चुलीजवळ बसून अहिराणीत बिबडे कसे घालतात ते सांगितलं आणि खाली सुरतचा पोच खर्च लिहिला, तर ती जाहिरात कुणाचीच नक्कल नसते. भरिताच्या वांग्याचंही तसंच, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी, पण भरीत पार्ट्यांच्या हंगामात किती विक्रेते वांगं बामणोदचं आहे की आणखी कुठलं ते जाहिरातीत सांगतात ते एकदा मोजून बघा.

मोकळी जागा सापडली म्हणून सगळे पैसे तिथे ओतायचे नाहीत हेही तितकंच खरं. कधी कधी जागा मोकळी असते कारण तिथे गिऱ्हाईकच नसतं. म्हणून चालू जाहिरात आहे तशी ठेवून शेजारी नवी थोड्या पैशांत चालवायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि लाइक मोजायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकशा आणि त्यातल्या पक्क्या ऑर्डरी मोजायच्या.

गुगल सर्चचं थोडं वेगळं

गुगलवर तुम्ही स्वतः जाहिरात चालवत असाल तर खात्यात ऑक्शन इनसाइट्स नावाचा रिपोर्ट मिळतो, त्यात आपल्याबरोबर त्याच लिलावात कोण कोण होतं, किती वेळा आपल्या वर दिसलं हे कळतं. कीवर्ड म्हणजे लोक गुगलवर टाकतात ते शब्द, गुगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये स्पर्धकाच्या वेबसाइटचा पत्ता टाकला की प्लॅनर कुठले शब्द सुचवतो ते बघता येतं. आपली जाहिरात दिसते का म्हणून दिवसातून दहादा गुगलवर शोधत बसू नका, क्लिक न करता नुसती दिसत राहिली तर दिसण्याच्या मानाने क्लिक कमी पडून तिचा हिशेब बिघडतो, त्यासाठी खात्यातच प्रिव्ह्यूचं टूल दिलेलं आहे.

कायदा कुठे आडवा येतो

बघायला बंदी नाही, उचलायला आहे. समोरच्याचा फोटो, व्हिडिओ, मजकूर जसाच्या तसा वापरला तर कॉपीराइट कायदा १९५७ लागतो. नावाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. दुसऱ्याचं नोंदणीकृत नाव गुगलवर कीवर्ड म्हणून घ्यावं का, यावर गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की असं वापरणं हा ट्रेडमार्कचा वापरच आहे, पण तेवढ्यावरून उल्लंघन होत नाही, गिऱ्हाइकाची दिशाभूल होते का ते बघावं लागेल. म्हणजे शेजारच्या सराफाचं नाव कीवर्डला लावून जाहिरातीत असं काही लिहिलं की माणसाला हे त्याचंच दुकान वाटेल, तर तुम्ही अडकलात. 'आमचं त्यांच्यापेक्षा चांगलं' अशी तुलना चालते, पण ती खरी आणि दाखवता येण्यासारखी हवी, १९८५ पासून काम करणाऱ्या एएससीआयचा म्हणजे जाहिरात मानक परिषदेचा नियमही तेच सांगतो. आणि समोरच्याचा 'शंभर टक्के शुद्ध' हा दावा बघून तोच आपण लावला, तो खोटा निघाला, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, 'सगळेच लिहितात' हे कारण तिथे चालत नाही.