टाइम झोन-बदल व कॅलेंडर-दुरुस्ती

एखाद्या देशाने घड्याळाचा नियम बदलला की संगणकीय कॅलेंडरमध्ये आधीच घातलेल्या नोंदी भलत्या वेळेवर दिसू लागतात. त्या पुन्हा जागेवर आणण्याचे हे काम. भारतीय प्रमाणवेळ गेली अनेक दशके बदललेली नाही. तरीही पुण्यातील हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील आयटी कंपन्यांना हे काम चुकत नाही, कारण घड्याळ ग्राहकाच्या देशात हलते.

टाइम झोनच्या नियमांचा जगभर वापरला जाणारा संग्रह आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला. २०११ पासून तो इंटरनेटवरील नावे व क्रमांक सांभाळणाऱ्या ‘आयाना’ या संस्थेकडे आहे. त्यात पुण्याची वेगळी नोंद नाही. सारा भारत ‘एशिया/कोलकाता’ या नावाखाली येतो आणि १८७० ते १९०५ या काळासाठी मद्रास वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, धरली जाते. ही प्रामुख्याने रेल्वेची वेळ. रेखांशावरून पुण्याची स्थानिक वेळ सुमारे ४ तास ५५ मिनिटे येते, आणि शहराचे व्यवहार बहुधा तिच्याच जवळपास चालत असावेत. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ ही जुनी स्थानिक वेळ १९५० च्या दशकापर्यंत रेंगाळली, असे मानले जाते. १९७० पूर्वीच्या नोंदी परिपूर्ण असल्याचा दावा खुद्द संग्रहही करीत नाही.

पुण्यात याचा प्रत्यक्ष फटका कुंडलीच्या सॉफ्टवेअरला बसतो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती. १९४१-४२ मध्येही असा छोटा टप्पा होऊन गेल्याचे संग्रह नोंदवतो. १९४३ साली सकाळी सहा म्हणून लिहिलेला जन्म आजच्या प्रमाणवेळेने पाचचा ठरतो, आणि तेवढ्याने लग्नरास बदलू शकते.

अमेरिकेने २००७ पासून डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे करणे) एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू केले. न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठची २० मार्चची मीटिंग जुन्या नियमाने यूटीसीत (जगभराची समान संदर्भवेळ) १३:३० अशी साठवलेली होती. नव्या नियमाचा पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) बसताच ती तिकडे साडेनऊला दिसू लागली. पुण्यात मात्र ती संध्याकाळी सातलाच राहिली, वास्तविक सहाला हवी होती. म्हणजे नुसता पॅच पुरत नाही. साठवलेल्या नोंदीही सरकवाव्या लागतात. खरी अडचण इथेच आहे: नोंद पॅचपूर्वीची की नंतरची, हे यूटीसीच्या आकड्यावरून कळत नाही. नंतरची नोंद सरकवली तर बरोबर असलेली वेळ बिघडते. तीच दुरुस्ती दोनदा चालवली तर नोंद आणखी एक तास हलते.

सर्व काही यूटीसीत साठवावे, असा एक पक्ष आहे. घडून गेलेल्या घटनांसाठी तो योग्यच. भविष्यातील नोंदींसाठी मात्र स्थानिक वेळ आणि झोनचे पूर्ण नाव ठेवणे अधिक सुरक्षित दिसते. कॅलेंडरच्या नोंदींची देवाणघेवाण करण्याचा आयकॅलेंडर हा प्रमाणित आराखडाही पुनरावर्ती मीटिंगसाठी झोनचा उल्लेख मागतो. झोन आयोजकाचा धरला जातो. त्यामुळे पुण्याच्या झोनमध्ये घातलेली सातची मीटिंग मार्चमध्ये न्यूयॉर्कला तासभर पुढे सरकते. युरोपातील बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होत असल्याने मधले दोन-तीन आठवडे तिन्ही ठिकाणांचा मेळ वेगळाच असतो.

‘आयएसटी’ हे लघुरूप भारत, इस्रायल आणि आयर्लंड या तिघांनाही लागू पडते, म्हणून निमंत्रणात ते एकटे वापरू नये. ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव संग्रहात पर्यायी म्हणून अजून टिकवले आहे.