नर्सिंग शिक्षणातील कॉपी आणि तंत्रज्ञान

नर्सिंगचे विद्यार्थी परीक्षेत, असाइनमेंटमध्ये, केस बुकात आणि वॉर्डातल्या नोंदींमध्ये जी लबाडी करतात, ती या नोंदीचा विषय. सिनियरची फाईल रात्रीतून उतरवून काढणे मुंबईच्या होस्टेलांत मोबाइलच्या आधीपासून चालत आले आहे. पुढे तीच फाईल पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यावर तर उतरवण्याचेही कष्ट उरले नाहीत. निदान टाकले की केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, तयार.

के.ई.एम., नायर, शीव, जे.जे. अशा मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांत हे शिक्षण घडते. बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, पण पदवी हाती पडण्यापूर्वी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातले प्रत्यक्ष काम, शंभर टक्के भरावे लागते. खोट्या नोंदी बहुतेक इथेच शिरतात. पाठ्यपुस्तके इंग्रजीत; मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला रुग्णाची अवस्था नीट कळलेली असते, पण इंग्रजीत मांडता येत नाही, म्हणून ती तयार वाक्ये उचलते. तिला आणि रुग्णाजवळ न जाताच चार्ट भरणारीला एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

न मोजता चार्ट भरणारी ही दुसरी खरी धोक्याची. टीपीआर चार्टवर (ताप, नाडी आणि श्वसन यांच्या तक्त्यावर) ओळीने २०, २०, २० असे श्वसनाचे आकडे दिसले, तर ते मोजले नसावेत असे समजावे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, आणि प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा आधी श्वासाचाच वेग वाढतो. तो आकडा मनाने लिहिला, तर रात्रपाळीच्या सिस्टरला इशाराच मिळत नाही.

परीक्षेतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे. प्रबंधांतल्या वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द. सॉफ्टवेअर मजकुरातले साम्य दाखवते. न मोजलेली नाडी त्याला कशी दिसणार? ती पकडण्याचा उपाय साधा आहे. ट्यूटरने चार्ट हातात घेऊन विद्यार्थिनीसोबत खाटेपाशी जायचे, घड्याळ समोर धरायचे आणि दोघींनी मिळून पुन्हा मोजायचे.