‘श्वसन’ या शब्दाचा गुंता : पेशींच्या ऊर्जेमागचा इतिहास

एप्रिल-मे महिन्यांत नाशिक जिल्ह्यातील निफाड, चांदवड, येवला, सटाणा या भागांत उन्हाळ कांदा काढून चाळीत भरला जातो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो, कप्प्याची रुंदी ४ फुटांच्या आसपास आणि थराची उंची ५ फुटांपर्यंत ठेवतात, आणि बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांमध्ये फटी सोडतात. थर यापेक्षा रुंद किंवा उंच झाला की मधला कांदा उबतो. त्यात कोपरापर्यंत हात घातला, तर आतला कांदा वरच्यापेक्षा कोमट लागतो. ही ऊब केवळ उन्हाची नसते. काढणीनंतरही कांद्याच्या पेशी जिवंत असतात, साठवलेली साखर मोडून ऊर्जा मिळवत असतात आणि त्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो.

ज्या घराच्या अंगणात ही चाळ उभी असते, त्याच घरातील विद्यार्थी परीक्षेत लिहितो की वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात. अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की त्याला विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. ही चूक जुनी आहे, ती एकेकाळी शास्त्रज्ञांच्याच परिभाषेत होती आणि तिचे मूळ ‘श्वसन’ या शब्दाच्या वापरात आहे. त्यामुळे या टिपणात त्या शब्दालाच अधिक जागा दिली आहे.

अठराव्या शतकाचा भाग बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो : बंद काचपात्रातील मेणबत्ती, उंदीर आणि पुदिन्याची फांदी. त्यातील कमी सांगितली जाणारी बाब अशी की १७७९ मध्ये एका डच वैद्याने प्रकाशाची गरज सिद्ध केली, तेव्हा झाडे उन्हात हवा शुद्ध करतात आणि सावलीत व रात्री ती बिघडवतात, अशी दोन्ही विधाने त्याने आपल्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच घातली होती. रात्री झाडाखाली झोपू नये ही समजूत आपल्याकडे स्वतंत्रपणेही असेल. परंतु तिला विज्ञानाचा आधार म्हणून जे सांगितले जाते, ते या पुस्तकापर्यंत मागे नेता येते. त्यानंतर काही वर्षांतच पॅरिसमध्ये गिनिपिगने वितळवलेल्या बर्फाचे मोजमाप करून प्राण्यांचे श्वसन म्हणजे संथ ज्वलन होय, असे मांडले गेले. १८०४ मध्ये जिनिव्हाच्या एका संशोधकाने काटेकोर वजने करून हे दाखवले की वनस्पतीच्या वाढीत पाण्याचाही वाटा असतो आणि वनस्पतीही प्राणवायू वापरतात.

येथे विषय मिटायला हवा होता, पण तसे झाले नाही. पानांकडे पाहणाऱ्याला दोन उलट गोष्टी दिसत होत्या : उजेडात कार्बन डायऑक्साइड आत जातो, अंधारात बाहेर येतो. वायूची ये-जा म्हणजे श्वसन, असे धरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी पहिल्या प्रक्रियेला ‘दिवसाचे श्वसन’ आणि दुसरीला ‘रात्रीचे श्वसन’ अशी नावे दिली. एकाच क्रियेच्या दोन पाळ्या असाव्यात, तशी ही मांडणी होती. १८४० च्या सुमारास त्या काळातील सर्वांत वजनदार जर्मन रसायनतज्ज्ञाने तर वनस्पतींना श्वसन असते हेच नाकारले. मुळांनी पाण्याबरोबर शोषलेला कार्बन डायऑक्साइड रात्री न वापरता पानांतून नुसता निसटतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या अधिकारामुळे हे मत दोन दशके टिकून राहिले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच होय, कारण मोजमाप १८०४ पासून हाताशी असूनही केवळ शब्द आणि अधिकार यांमुळे ते बाजूला पडले.

१८६० च्या दशकात दुसऱ्या एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हरितलवकात प्रकाशामुळे स्टार्च तयार होतो हे दाखवले आणि दोन प्रक्रियांची फारकत केली. अन्न तयार करणे हे हिरव्या भागाचे आणि उजेडातील काम. अन्न मोडून ऊर्जा मिळवणे हे प्रत्येक जिवंत पेशीचे, मुळाचे, फुलाचे, बियांचे, दिवसाचे आणि रात्रीचेही काम. भर दुपारी पानातील श्वसन दिसत नाही, कारण त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड तेथल्या तेथे प्रकाशसंश्लेषणात वापरला जातो. पहाटे किंवा दाट सावलीत एक वेळ अशी येते की दोन्हींचे वेग सारखे होतात आणि पानातून कोणताही वायू आत-बाहेर होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पान तेव्हा निष्क्रिय वाटते, आत मात्र दोन्ही कामे चालू असतात.

अन्ननिर्मितीच्या क्रियेला तेव्हा ‘सात्मीकरण’ या अर्थाचा शब्द वापरत. १८९३ मध्ये एका अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने नवा शब्द हवा असा आग्रह धरला आणि ‘फोटोसिंटॅक्स’ व ‘फोटोसिंथेसिस’ असे दोन पर्याय ठेवले. त्याची स्वतःची पसंती पहिल्याला होती, रूढ मात्र दुसरा झाला आणि मराठीत त्याचेच ‘प्रकाशसंश्लेषण’ झाले. श्वसनाच्या वाट्याला असा नवा शब्द आला नाही. छातीच्या भात्याचे नाव पेशीतील रासायनिक क्रियेला तसेच चिकटून राहिले.

मराठीत हा प्रश्न अधिक टोचतो. ‘श्वसन’ आणि ‘श्वास’ यांचा धातू एकच असल्याने वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी नाक आणि फुप्फुसे येतात. शालेय पुस्तकांनी शरीरस्तरावरील श्वसन आणि पेशीस्तरावरील श्वसन असा भेद करून वाट काढली आहे आणि ती योग्य आहे; पण परीक्षेच्या घाईत विशेषण गळते आणि उरते ते फक्त ‘श्वसन’. ‘विनॉक्सिश्वसन’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. नाशिकच्या वायनरींमध्ये पोलादी टाक्यांत द्राक्षरसाचे जे होते त्याला अनेक पुस्तके विनॉक्सिश्वसन म्हणतात. ते खरे तर किण्वन आहे : यीस्ट साखर अर्धवट मोडते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशी ज्याच्या रूपात ऊर्जा वापरते त्या पदार्थाचे) केवळ २ रेणू मिळवते. सूक्ष्मजीवशास्त्रात विनॉक्सिश्वसन म्हणजे प्राणवायूच्या जागी नायट्रेट किंवा सल्फेट यांसारख्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणे, जे पाणथळ चिखलातील जिवाणू करतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन मुले बारावीनंतर पुढे जातात आणि तेथे अडखळतात.

‘प्रकाशश्वसन’ या शब्दाने तर कहर केला आहे. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर (एन्झाइम) कधी कधी चुकून प्राणवायू पकडते, हे १९७१ मध्ये कळले. या चुकीच्या पुढील दुरुस्तीत प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. वायूंची दिशा श्वसनासारखी, म्हणून नाव श्वसनाचे. पण यातून पेशीला ऊर्जा मिळण्याऐवजी तिची ऊर्जा खर्च होते. वायू कोणत्या दिशेने गेला यावरून प्रक्रियेचे नाव ठरवण्याची जी खोड १८३० च्या दशकात नडली, तीच येथे पुन्हा आढळते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत चोवीस तास प्राणवायू देणाऱ्या झाडांच्या याद्या घरोघरी मोबाईलवर फिरत होत्या आणि त्यांत पिंपळ पहिला असे. पंचवटीतील वडा-पिंपळांविषयी असलेला आदर मला मोलाचा वाटतो, परंतु प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो आणि ते विघटन प्रकाशाशिवाय होत नाही. त्यामुळे कोणतेही झाड रात्री प्राणवायू सोडत नाही. रात्रीचा खरा अपवाद आपल्या कुंड्यांतील पानफुटीचा आहे आणि त्याची एक जुनी नोंद भारतातूनच गेली. येथे काम करणाऱ्या एका युरोपीय वनस्पतिअभ्यासकाचे पत्र १८१५ मध्ये लंडनमध्ये छापले गेले : पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडू लागते. ही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवते, रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि उजाडल्यावर तो वापरते. म्हणजे तीही रात्री कार्बन डायऑक्साइड शोषते इतकेच, प्राणवायू मात्र उजेडातच तयार करते. उलट बाजूची भीतीही निराधार आहे. एक माणूस दिवसभरात साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो, त्यापुढे खोलीतील कुंडीचे श्वसन नगण्य असते.

विसाव्या शतकात नावांचा वाद मागे पडून यंत्रणेचा शोध सुरू झाला. १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते हे दिसले होते. १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूंवरील प्रयोगांतून क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत अन्न मोडण्याच्या टप्प्यांचे वर्तुळ, मांडले गेले. प्राणवायू पाण्यातून येतो की कार्बन डायऑक्साइडमधून, या वादात १९४१ मध्ये जड प्राणवायूच्या साहाय्याने पाण्याच्या बाजूने कौल मिळाला, तरी एका नामवंत जर्मन शास्त्रज्ञाने १९७० मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत तो मान्य केला नाही. महायुद्धानंतर किरणोत्सारी कार्बन हाती आल्यावर शैवालावरील प्रयोगांतून साखर बनण्याचा मार्ग उलगडला. त्याच्या टप्प्यांना ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणण्याची रीत पडली आणि या नावानेही फसवले, कारण त्यांतील अनेक विकरे प्रकाश पडल्यावरच कार्यक्षम होतात आणि रात्री हे चक्र थांबते.

१९६१ मध्ये एका इंग्रज जीवरसायनतज्ज्ञाने मांडलेल्या कल्पनेने मात्र दोन्ही प्रक्रिया एका सूत्रात आणल्या. अन्नातील ऊर्जा कोणत्या तरी रासायनिक मध्यस्थामार्फत एटीपीत जाते, असे तोपर्यंत सर्व धरून चालले होते आणि तो मध्यस्थ कोणालाच सापडत नव्हता. त्याचे म्हणणे असे की इलेक्ट्रॉन वाहताना प्रोटॉन पेशीतील एका पातळ पडद्याच्या, म्हणजे पटलाच्या, एका बाजूला ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी तयार होते. नाशिककरांना यासाठी शेजारच्या अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आठवावा : मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) पाणी चढवण्याचे काम अन्न करते, हरितलवकात ते प्रकाश करतो. टर्बाइन दोन्हीकडे जवळपास एकच.

जवळजवळ दीड दशक या कल्पनेला कडवा विरोध झाला. १९६६ मध्ये हरितलवकातील पटले आधी आम्लात आणि नंतर अल्कलीत बुडवल्यावर पूर्ण अंधारातही एटीपी तयार झाले. १९७४ मध्ये कृत्रिम पटलाच्या पिशव्यांत एका जिवाणूचा प्रकाश शोषणारा प्रोटॉनपंप आणि गायीच्या हृदयातून काढलेले एटीपी बनवणारे विकर एकत्र बसवण्यात आले. त्यावर प्रकाश टाकताच एटीपी बनले. जिवाणू आणि गाय यांचे भाग एकमेकांशी जुळले, याहून ठोस पुरावा मला सुचत नाही. १९७८ मध्ये या कल्पनेला नोबेल मिळाले. तिचा एक परिणाम आपल्या पुस्तकांत अजून पुरता उतरलेला नाही : एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी हे पाठ केलेले आकडे पूर्णांकांच्या हिशेबातून आले होते. प्रोटॉनची गळती आणि वाहतुकीचा खर्च धरला तर संख्या ३० ते ३२ येते.

जिल्ह्यातील पिकांकडे या इतिहासातून पाहता येते. द्राक्ष, कांदा, गहू यांना प्रकाशश्वसनाचा फटका बसतो. ऊस आणि मका यांनी कार्बन डायऑक्साइड आत एकवटण्याची सोय केलेली असल्याने तो जवळपास टळतो, आणि ही सोय १९६० च्या दशकात उसावरील कामातूनच उमगली. द्राक्षमण्यात पाणी उतरल्यानंतर (मणी मऊ पडून पिकू लागल्यावर) साखर वाढत जाते आणि आंबटपणा घटतो, कारण मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल वापरतो. उष्णतेत हे आम्ल वेगाने संपते. निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो, त्या थंडीने बागाईतदाराची झोप उडते. पण माफक थंड रात्री याच आम्लाला जपतात आणि वायनरीचा खरेदीदार साखरेइतकीच त्याची विचारपूस करतो.

तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. पॅकहाऊसमध्ये द्राक्षपेट्या आधी प्री-कूलिंगला आणि मग शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात का नेतात, याचे उत्तर यात आहे. कांद्याबाबत लासलगाव परिसरात या शतकाच्या सुरुवातीला विकिरणाची सोय झाली. ठरावीक मात्रेत गॅमा किरण दिले की कोंबाच्या पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब येत नाही. वजनातील घट मात्र चालू राहते. तिचा मोठा हिस्सा पाण्याचा आणि लहान हिस्सा जळालेल्या साखरेचा असतो. किरणांनी वाढ थांबलेल्या कांद्याच्या पेशी जिवंतच असल्याने त्यांना चाळीतील वारा किंवा शीतगृहातील गारवा लागतोच.