हवाबंदपणाच्या चाचणीआधी इमारत तयार करण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

इंदूरचे जुने वाडे चौकाभोवती, वारा खेळता राहावा अशाच बेताने बांधलेले असल्यामुळे, भिंतीछतांतून किती हवा निसटते हा प्रश्न तिथे फारसा उद्भवला नाही. तो आला वातानुकूलित सदनिकांबरोबर, आणि त्याची उत्तरे आधी थंड देशांत शोधली गेली होती.

1973 च्या तेलसंकटानंतर घर उबदार ठेवण्याचा खर्च असह्य झाला. स्वीडनमध्ये 1977 च्या सुमारास खिडकीत पंखा बसवून घरातील गळती मोजली जाऊ लागली. पुढे हा पंखा दारात बसवण्याची पद्धत आली व तिला ‘ब्लोअर डोअर’ हे नाव मिळाले. त्याच काळात अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांत गौतम दत्त हेही होते, न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स येथील घरे तपासली, तेव्हा उष्णतेचा मोठा वाटा दिसणाऱ्या फटींतून नव्हे, तर भिंतींतून थेट पोटमाळ्यापर्यंत गेलेल्या दडलेल्या वाटांनी जातो असे आढळले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा शोध आहे, कारण डोळ्यांनी पाहून गळतीचा अंदाज बांधता येत नाही हे त्याने पक्के केले.

पंख्याने घराच्या आत व बाहेर हवेच्या दाबात फरक निर्माण करून तो टिकवायला किती हवा लागते हे मोजतात; या मापनासाठी 50 पास्कल (दाबाचे एकक) हा दाबफरक रूढ झाला. तो जेमतेम 5 मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असला, तरी वाऱ्याचे सामान्य चढउतार त्यापुढे फिके पडतात.

खरा वाद तयारीचा होता. एक्झॉस्ट फॅनचे तोंड किंवा हेतुपुरस्सर ठेवलेला झरोका टेप लावून बंद केला, तर आकडा सुधारतो. पण तो राहत्या घराचा आकडा उरतो का? म्हणूनच 2000 च्या युरोपीय मानकात वापरातील इमारतीची चाचणी आणि केवळ बाह्य आवरणाची चाचणी अशा दोन पद्धती वेगळ्या केल्या गेल्या, आणि 2015 च्या आयएसओ 9972 या आंतरराष्ट्रीय मानकात विशिष्ट हेतूसाठीची तिसरी पद्धत आली. खिडक्या व बाहेरची दारे बंद, आतली दारे उघडी, आणि सांडपाण्याचे ट्रॅप (नळातील पाणी साठून हवा अडवणारी वळणे) पाण्याने भरलेले, ही त्यातली समान तयारी. जर्मनीत उगम पावलेल्या पॅसिव्ह हाउस या अत्यल्प ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या मानकाची मर्यादा 50 पास्कलला ताशी 0.6 हवाबदल (म्हणजे तासाला घरातील एकूण हवेच्या 0.6 पट गळती) इतकी कडक आहे, त्यामुळे तिथे या तयारीतली लहानशी चूकही भोवू शकते.

इंदूरच्या उन्हाळ्यात बंद राहिलेल्या सदनिकेतील नहाणी ट्रॅप कोरडा पडतो आणि हवा थेट सांडपाण्याच्या नळातून आत येते. त्यामुळे चाचणीच्या सकाळीच त्यात पाणी ओतावे, आणि कोणती तोंडे कशाने बंद केली याची नोंद अहवालात आकड्याशेजारीच असावी.