‘देशात कुठेतरी काम आहे’: अमेरिकेतील अपंगत्व भत्त्यामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचा अपंगत्व भत्ता अर्धामुर्धा मिळत नाही. माजी सैनिकांचे अपंगत्व दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी मोजले जाते. कामावरच्या अपघाताच्या भरपाईतही बोट गेले तर एक हिशेब, डोळा गेला तर दुसरा. सोशल सिक्युरिटीत मात्र उत्तरे दोनच: काम जमते, किंवा जमत नाही. घरखर्च, दवाखाना, बँकेतली शिल्लक, प्रसंगी लग्न करायचे की नाही, हे सगळे याच उत्तरावर ठरते. सध्याच्या वादांची मुळे बहुतेक इथेच सापडतात.

१९३५ च्या मूळ कायद्यात वृद्धांचे निवृत्तिवेतन होते, अंधांसाठी मदत होती, पण नोकरदाराच्या अपंगत्वाचा विमा नव्हता. ‘काम जमत नाही’ हे तपासायचे कसे आणि खर्च आवरायचा कसा, या दोन शंकांनी तो वीस वर्षे मागे ठेवला. १९५४ मध्ये आजारपणाची कोरी वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून वगळायची सोय झाली. १९५६ मध्ये सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ४५ अशा काठावरच्या मतांनी रोख भत्ता आला, तोही फक्त ५० ते ६४ या वयासाठी. डॉक्टरांच्या संघटनेचा त्याला विरोध होता. वयाची अट १९६० मध्ये गेली, आणि अपंगत्व किमान १२ महिने टिकणारे असावे ही मुदत १९६५ मध्ये ठरली.

खरा तिढा १९६७ चा आहे. तोवर न्यायालये व्यवहाराच्या अंगाने जात होती. १९६० च्या एका अपिली निकालात न्यायालयाने सरकारला विचारले होते की हा माणूस नेमके कोणते काम करू शकतो, आणि ते काम त्याला मिळण्याची वाजवी संधी आहे का? नुसती कागदावरची क्षमता पुरेशी नाही. या वळणाने भत्ताधारक वाढतील म्हणून संसदेने १९६७ मध्ये व्याख्येतच वाक्य घातले. वय, शिक्षण आणि अनुभव धरून माणसाला देशाच्या अर्थव्यवस्थेत असलेले कोणतेही काम जमत असेल, तर तो अपंग नाही. ते काम त्याच्या गावाजवळ आहे का, जागा रिकामी आहे का, अर्ज केला तर त्याला कोणी घेईल का, या तिन्ही गोष्टी पाहायच्या नाहीत, असे कायदा स्पष्ट सांगतो. ते काम अर्जदाराच्या प्रदेशात किंवा देशाच्या अनेक भागांत बऱ्यापैकी संख्येने असले की झाले.

हे वाक्य निर्दय म्हणून लिहिलेले नव्हते. बेकारीचा भत्ता आणि अपंगत्वाचा भत्ता यांची सरमिसळ होऊ नये, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि त्यात तथ्य आहे. पण बंद पडलेल्या खाणीच्या गावात, पाठ गेलेल्या पंचावन्न वर्षांच्या मजुराला, दोन हजार किलोमीटरवर बसून करायचे काम आहे असे सांगण्याची मुभाही त्याच वाक्याने दिली.

तपासणीच्या आजही चालणाऱ्या पाच पायऱ्या त्या व्याख्येवरच उभ्या आहेत. पहिली, सध्याची कमाई ठरलेल्या मर्यादेवर आहे का? २०२५ साठी ती महिन्याला १,६२० डॉलर, अंधांसाठी २,७०० डॉलर होती. दुसरी, आजार गंभीर आणि टिकाऊ आहे का? तिसरी, तो सोशल सिक्युरिटी खात्याच्या वैद्यकीय यादीतल्या निकषांत बसतो का? बसला तर भत्ता तिथेच मंजूर. चौथी, पूर्वीचे काम जमेल का? पाचवी, दुसरे कोणतेही काम जमेल का?

पाचव्या पायरीसाठी १९७८ मध्ये एक कोष्टक केले गेले. वय, शिक्षण, कौशल्य आणि उचलता येणारे वजन यांच्या चौकटीत बोट ठेवले की ‘अपंग’ किंवा ‘अपंग नाही’ असे उत्तर निघते. बैठ्या कामात कमाल १० पौंड, हलक्या कामात अधूनमधून २० पौंड उचलणे धरले आहे. बैठेच काम जमणारा, साधे शालेय शिक्षण झालेला आणि उपयोगी पडेल असे कौशल्य नसलेला अर्जदार ५० व्या वर्षी कोष्टकात ‘अपंग’ ठरतो. तोच ४९ व्या वर्षी सहसा ठरत नाही. म्हणून वकील पहिल्या भेटीत जन्मतारीख विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कोष्टक वैध ठरवले. इंग्रजी न येणे हा त्यातला एक अनुकूल घटक होता, तो २०२० मध्ये काढला गेला.

कोष्टक थेट लागू होत नाही तिथे, म्हणजे वेदना, नैराश्य, हातांची मर्यादित हालचाल अशा प्रकरणांत, व्यवसायतज्ज्ञाची साक्ष होते. त्याच्या हाती श्रम खात्याचा व्यवसायकोश. त्याची शेवटची सुधारणा १९९१ ची आणि बरीचशी माहिती १९७७ ची. बदाम-अक्रोड निवडणारा, लाकडी खुंट्या तपासणारा, पाकिटांवर पत्ते लिहिणारा, अशी कामे ‘तुम्हाला जमतील’ म्हणून सांगून पुढे कित्येक दशके अर्ज फेटाळले गेले. चौथ्या पायरीवरचा २००३ चा निकाल तर आणखी पुढे गेला. एका लिफ्ट चालवणाऱ्या बाईंची नोकरी ते पदच रद्द झाल्यामुळे गेली होती. त्यांना ते काम शारीरिकदृष्ट्या जमते, मग देशात ते काम उरले आहे की नाही हे खात्याने पाहायची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले. कायद्याचे शब्द पाहता निकाल चुकीचा म्हणता येत नाही, आणि तीच खरी अडचण आहे.

२०२४ च्या जूनमध्ये दोन बदल झाले. कोशातली ११४ कामे नकारासाठी वापरणे बंद झाले, आणि आणखी काहींसाठी जादा पुरावा मागितला जाऊ लागला. शिवाय चौथ्या पायरीवर मागची १५ ऐवजी ५ वर्षांचीच कामे पाहायची असे ठरले. १९६७ चे वाक्य जागेवर आहे.

१९८० च्या कायद्याने, ज्यांचे अपंगत्व कायमचे ठरलेले नाही अशा भत्ताधारकांची दर तीन वर्षांनी फेरतपासणी सांगितली. १९८१ च्या मार्चपासून ती अशा वेगाने झाली की तीन वर्षांत जवळपास पाच लाख लोकांचे भत्ते बंद करण्याचे निर्णय झाले. मनोविकाराच्या रुग्णांना फटका जास्त बसला, कारण कागद तपासणाऱ्याला त्यांचा आजार ‘दिसत’ नव्हता. दोन लाखांहून अधिक लोकांना अपिलात भत्ता परत मिळाला. अनेक राज्यांनी तपासण्या थांबवल्या. १९८४ मध्ये दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता सुधारणा झाली: प्रकृतीत सुधारणा झाल्याचा वैद्यकीय पुरावा असल्याशिवाय, काही अपवाद सोडता, भत्ता बंद करता येत नाही. आज फेरतपासणीत नकार आला तर अपिलाला ६० दिवस असतात. पण निकाल लागेपर्यंत पैसे चालू ठेवायचे तर १० दिवसांतच तसे लेखी मागावे लागते. टपालाचे पाच दिवस धरले तरी ही मुदत सहज चुकते.

गरिबांसाठीचा भत्ता, एसएसआय, वेगळा आहे. पगारातून कापल्या जाणाऱ्या विमा हप्त्यांशी त्याचा संबंध नाही. १९७२ मध्ये कायदा झाला, जानेवारी १९७४ पासून वाटप सुरू झाले. दरमहा रक्कम महागाईप्रमाणे वाढते: २०२५ मध्ये एकट्याला ९६७ आणि जोडप्याला १,४५० डॉलर. पण भोवतालचे आकडे गोठलेले आहेत. मिळकतीतले २० डॉलर आणि मजुरीतले ६५ डॉलर मोजायचे नाहीत, ही सूट १९७४ ची आहे तशीच. तेव्हापासून भाव सहापटीहून वर गेले. महिन्याला १,००० डॉलर कमावले तर ८५ वजा जाता ९१५ उरतात, त्याचे निम्मे म्हणजे ४५७.५० भत्त्यातून कापले जातात आणि २०२५ च्या रकमेतले ५०९.५० हाती पडतात. जवळ ठेवता येणाऱ्या शिलकीची मर्यादा १९७४ मध्ये १,५०० डॉलर होती, १९८९ मध्ये २,००० झाली आणि तिथेच थांबली. दोघे भत्ताधारक लग्न करतात तेव्हा त्यांची मर्यादा ४,००० नव्हे, ३,००० होते. शिल्लक मोजली जाते ती महिन्याच्या पहिल्या तारखेच्या पहिल्या क्षणी. ३१ ला पगार जमा झाला आणि १ तारखेला भाडे वळते व्हायचे बाकी असले, तर त्या एका महिन्याचा भत्ता जादा दिल्याची वसुली निघू शकते.

यावर २०१४ मध्ये एक खिडकी उघडली गेली: विशेष बचत खात्यातले पहिले १,००,००० डॉलर एसएसआयच्या शिलकीत धरायचे नाहीत. अट अशी होती की अपंगत्व वयाच्या २६ व्या वर्षाआधी आलेले असावे. जानेवारी २०२६ पासून ही रेषा ४६ वर गेली. म्हणजे तिशीत मणक्याला इजा झालेल्यांना अकरा वर्षे ही खिडकी बंदच होती.

औषधपाण्याचे गणित याहून विचित्र. १९७२ मध्येच अपंगांना मेडिकेअर, म्हणजे मूळचा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, देण्याचे ठरले, पण भत्ता सुरू झाल्यावर २४ महिने थांबायचे. भत्त्याआधी पाच पूर्ण महिन्यांची प्रतीक्षा वेगळी. म्हणजे काम सुटल्यापासून विमा मिळेपर्यंत २९ महिने, आणि हाच काळ माणसाला डॉक्टरांची सर्वाधिक गरज असण्याचा. नोकरी गेल्यावर जुना गट विमा स्वखर्चाने १८ महिने चालवता येतो. अपंग ठरलेल्यांना तो २९ पर्यंत वाढवता येतो, आणि हा आकडा योगायोगाचा नाही. शेवटच्या ११ महिन्यांचा हप्ता मूळ हप्त्याच्या दीडपट असू शकतो. त्यासाठी अपंगत्वाचा निर्णय ६० दिवसांत आणि १८ महिने संपायच्या आत विमा योजनेला कळवायचा असतो. निर्णयच मुळी उशिरा येत असल्याने अनेकांची ही सवलत हुकते. चेतापेशींच्या एएलएस या आजारासाठी मेडिकेअरची प्रतीक्षा २००१ मध्ये, आणि भत्त्याची २०२० च्या कायद्याने गेली. बाकी बहुतेकांची आहे.

एसएसआय घेणाऱ्यांना बहुतेक राज्यांत मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, लगेच मिळते. घरी येऊन अंघोळ घालणारा, अंथरुणातून खुर्चीत बसवणारा मदतनीस सहसा खासगी विमा देत नाही, मेडिकेअरही क्वचितच देते. तो मेडिकेडकडूनच मिळतो. म्हणून चांगली नोकरी नाकारणारा माणूस पगार नाकारत नसतो, मदतनीस जाऊ नये म्हणून थांबलेला असतो. कमाई वाढली तरी मेडिकेड टिकवण्याच्या सोयी कायद्यात आहेत, हप्ता भरून मेडिकेड घेण्याची सोयही बऱ्याच राज्यांत आहे. पण त्या माहीत असणारा कारकून भेटेल याची खात्री नाही.

नोकरीतला भेदभाव रोखणारा १९९० चा कायदा या सगळ्याच्या समांतर चालतो आणि कधीकधी उलट दिशेने. किमान १५ कामगार असलेल्या मालकाने वाजवी सोय करून दिल्यास मी काम करू शकतो, असे तिथे म्हणावे लागते. भत्त्याच्या अर्जात म्हणायचे की मला काम करता येत नाही. एकच माणूस दोन्ही कसे म्हणतो, हा प्रश्न १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्ही दावे एकत्र राहू शकतात, कारण भत्ता देणारे खाते ‘वाजवी सोय’ विचारातच घेत नाही, असा निकाल झाला. विसंगतीचे स्पष्टीकरण मात्र अर्जदारानेच द्यायचे. २०२४ मध्ये अपंग व्यक्तींपैकी २२.७ टक्के नोकरीत होत्या, इतरांपैकी ६५.५ टक्के. ही दरी थोडी फुगलेली दिसते, कारण अपंगांपैकी निम्मे पासष्टीपुढचे आहेत.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यातला एक भाग थेट लागू होतो. विमा भत्त्यासाठी ३१ ते ४२ या वयात गेल्या दहा वर्षांत कमावलेले २० श्रेयांक (कपात झालेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. एच-१बी वर चार वर्षे काम केलेल्या अडतिशीच्या माणसाचे १६ भरतात, म्हणजे पगारातून कपात होत असूनही तो अपात्र. विद्यार्थी व्हिसावरच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत ही कपात सहसा होत नाही, त्यामुळे ती वर्षे धरलीच जात नाहीत. भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार नसल्याने इकडची वर्षे तिकडे जोडता येत नाहीत. अशा वेळी कंपनीचा खासगी अपंगत्व विमा पाहावा. त्यात बहुधा ६० टक्के पगार असतो, पण बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षे ‘स्वतःचे काम’ आणि नंतर ‘कोणतेही काम’ असा निकष बदलतो. ग्रीनकार्डवर आलेल्या आईवडिलांना १९९६ च्या कायद्यानंतर एसएसआय जवळपास मिळतच नाही.

जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडच्या विस्तारित गटातल्या, म्हणजे अपंगत्वावर नव्हे तर कमी उत्पन्नावर पात्र ठरलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा तत्सम उपक्रम दाखवण्याची अट घातली. जानेवारी २०२७ पर्यंत ती राज्यांनी लागू करायची आहे. अपंग आणि ‘वैद्यकीयदृष्ट्या नाजूक’ व्यक्तींना सूट आहे. पण या गटात असे अनेकजण आहेत ज्यांचा भत्त्याचा अर्ज पाचव्या पायरीवर फेटाळला गेला किंवा सुनावणीसाठी पडून आहे. खात्याच्या कागदावर ते अजून अपंग नाहीत. त्यांना सूट हवी असेल तर ती राज्याच्या मेडिकेड कार्यालयाकडे वेगळ्या पुराव्याने मागावी लागेल.