पाडलेली विमानं वेगळी, मिळालेले गुण वेगळे

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन फायटर वैमानिक एरिख हार्टमान याने पाडलेल्या विमानांचा, म्हणजे 'विजयां'चा, ३५२ हा आकडा निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "अहो, जर्मन लोक इंजिनं मोजायचे. चार इंजिनांचं विमान पाडलं की चार विजय!" ठासून सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मला याचा आता वीट आलाय.

हार्टमान कोण, हे बहुतेकांना ठाऊक असतं. जेजी ५२ ही तुकडी, मेसरश्मिट १०९ हे विमान, जवळजवळ सगळी कारकीर्द पूर्व आघाडीवर, म्हणजे सोव्हिएत संघाविरुद्ध, १४०४ उड्डाणं. पहिला विजय ५ नोव्हेंबर १९४२चा. चिलखती सोव्हिएत विमान इल्युशिन-२च्या पोटाखाली शिरून त्याने तेलाच्या कूलरवर गोळ्या झाडल्या. विमान पेटलं, पण त्याचे तुकडे लागून हार्टमानलाही आपलं विमान पोटावर उतरवावं लागलं. हे इल्युशिन एक इंजिनाचं. त्याने पाडलेल्यांत बहुतेक विमानं अशीच एक इंजिनी होती, त्यामुळे इंजिनं मोजली असती तरी आकडा फारसा हलला नसता. इथेच खरं तर वाद मिटायला हवा.

घोळ होतो तो गुणांमुळे. गुण होते, हे खरं. पण ते पदकांसाठी, आणि तेही पश्चिमेकडे, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध, लढणाऱ्यांना. अमेरिकन बॉम्बरांचा थवा म्हणजे प्रत्येक विमानावर दहा-बारा मशीनगन आणि सगळ्या एकमेकांना सांभाळून असलेल्या. त्यात घुसणं आणि एकट्यादुकट्या फायटरला गाठणं यांना एकाच मापाने तोलणं अन्यायाचं होतं. म्हणून एक इंजिनी विमानाला १ गुण, दोन इंजिनीला २, चार इंजिनीला ३. चार नव्हे, तीनच! म्हणजे 'इंजिनाला एक' हा हिशेब गुणांतही बसत नाही. विजय मात्र दर विमानामागे एकच. षटकाराला सहा धावा मिळतात म्हणून फलंदाज सहा चेंडू खेळला, असं आपण म्हणतो का?

दुसरा जर्मन वैमानिक एगॉन मायर घ्या. सगळी कारकीर्द पश्चिमेकडे, १०२ विजय, त्यांत २६ चार इंजिनी बॉम्बर. प्रत्येकी तीन धरून ते मोजले असते, तर नुसत्या बॉम्बरांचेच ७८ झाले असते आणि आकडा दीडशेच्या पार गेला असता. नोंद मात्र १०२चीच आहे. उलट पदकांचं पाहा: पश्चिमेकडे ४० गुणांच्या आसपास नाइट्स क्रॉस या पदकाची पात्रता यायची, तर पूर्वेला हार्टमानला तो मिळाला ऑक्टोबर १९४३मध्ये, १४८ विजयांनंतर.

बाकी किरकोळ. पाच विमानं पाडली की 'एस' (अव्वल फायटर वैमानिक), ही अट जर्मनांकडे नव्हती. एका विमानाचा विजय दोघांत अर्धा-अर्धा वाटायची ब्रिटिश-अमेरिकन पद्धतही त्यांच्याकडे नव्हती.

३५२ सगळेच्या सगळे खरे का, हा निराळा वाद. सोव्हिएत नोंदींशी ताडून संशोधकांनी शंका घेतल्यात, आणि त्या घ्यायलाच हव्यात. पश्चिमेकडच्या आकड्यांत खोट काढायचीच असेल, तर 'हेराउसशुस' या प्रकारात काढा. बॉम्बरला इतकं जखमी करायचं की तो थव्यातून तुटून मागे पडावा. गुण २, आणि खात्यावर एक पूर्ण विजय. मग तो बॉम्बर लंगडत इंग्लंडला पोचला तरीही.