मासे येण्याआधीची टाकी

टाकीत पाणी भरून तीन आठवडे झालेत. रोपं रुजलीत, फिल्टर गुरगुरतोय, आणि मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा काचेत डोकावतो आणि हळूच विचारतो, "मेले का सगळे?"

मेले नाहीत, अजून आणलेच नाहीत. पहिल्या वेळी मी टाकी, खडी आणि डझनभर मासे एकाच रविवारी घरी आणले होते. पुढच्या रविवारी चार उरले. पाणी तर नितळ दिसत होतं.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. न खाल्लेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. नदीत तो विरून जातो; पण दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी पाणी मावतं 70 लिटर. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन त्यातल्या त्यात गरीब, मुक्त अमोनिया जहाल. कोण किती, हे मुख्यतः पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ठरवतो. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का. पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहापट! एकाच दुकानातले मासे शेजाऱ्याकडे जगतात आणि आपल्याकडे मरतात, तेव्हा दुकानदाराला बोल लावण्याआधी आपलं पाणी तपासावं.

यावरचा इलाज जिवाणूंकडे आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही घातकच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा वर येऊन तोंड उघडत राहतो. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसवतं. ही दोन्ही कामं वेगवेगळ्या जिवाणूंचीच, असं शंभरेक वर्षं मानलं जात होतं. 2015 साली दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा जिवाणू सापडला. त्या वर्षी दोन संशोधक गटांनी तो दाखवला आणि त्यातल्या एका गटाला तो मिळाला मत्स्यपालनाचं पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमध्ये!

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, पानांवर वस्ती करतात, पण वाढतात फार सावकाश. चार ते सहा आठवडे धरून चालायचं. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहायचं आणि टेस्ट किटने मोजायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले, की वस्ती बसली. नंतर तो स्पंज नळाखाली खसाखसा धुवू नका, क्लोरीनने सगळी मेहनत वाया जाते. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा.

रोपांची टाकी असेल तर काम आणखी सोपं होतं, कारण बऱ्याच पाणवनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात. नायट्रेटपेक्षा त्यांना तेच जास्त रुचतं. म्हणून पहिल्याच दिवशी दाट लावणी करावी, आणि तीही झपाट्याने वाढणाऱ्यांची: वॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, रोटाला. जावा फर्न आणि अनुबियासचं आल्यासारखं आडवं खोड खडीत पुरलं तर सडतं, ते दोऱ्याने लाकडाला बांधावं. क्रिप्टोकोरायनीची पानं आठवडाभरात वितळली तर घाबरू नका. रोपवाटिकेत ती बहुधा पाण्याबाहेर वाढलेली असतात. मुळं जागेवर ठेवा, पाण्यातली नवी पानं फुटतात. दिवा रोज सहा ते आठ तास, टायमर लावून. त्याहून जास्त दिलात तर शेवाळ्याची चंगळ.

मासे निवडताना पाणी आधी बघावं. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन, म्हणजे क्षार जास्त असलेलं जड पाणी. त्यात गप्पी, मॉली खुशीत राहतात. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला, त्याला धरणाचं पाणी बरं. 70 लिटरमध्ये आठ रासबोरा, तळाशी सहा कोरीडोरस आणि वर हनी गौरामीची एक जोडी एवढं पुरे. कळपातले मासे दोन-तीन आणले तर दडून बसतात. कोरीडोरस मधूनच सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेतो आणि ती आतड्यातून शोषतो, ते आजारपण नव्हे. एक जात आणली, की दोन आठवडे थांबायचं. वाढलेल्या अमोनियाच्या मानाने जिवाणूंनाही वाढायला वेळ लागतो.

'काच साफ करतो' म्हणून मिळणारा बोटभर सकर मात्र नको. तो फूट-दीड फूट होतो, मग लोक त्याला तळ्यात सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, तेव्हा त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

सफाईला गोगलगायी पुरतात. 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया एकत्र ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सडक्या पानांनी पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी सडकी पानं फस्त केली आणि त्यांची अंडी माशांनी. माझ्याकडे त्या रोपांच्या मुळांना चिकटून फुकटच आल्या आहेत. सध्या पाहुण्यांना मी त्याच दाखवतो.